पाडणे इतके सोपे का झाले?

पुण्यातला विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने स्वतःला राहण्यासाठी बांधला. पेशवाई बुडाली आणि तीनच वर्षांत, १८२१ मध्ये, तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली; डेक्कन कॉलेजचे मूळ तिच्यात आहे. १८७९ च्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला, तो पुन्हा उभा राहिला आणि विसाव्या शतकात पुण्याच्या नगरपालिकेचा कारभार काही दशके याच वाड्यातून चालला. मुंबईत काळा घोडा परिसरातले वॉटसन हॉटेल १८६० च्या दशकातले. त्याचा ओतीव लोखंडाचा सांगाडा विलायतेहून बोटीने आला होता. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंच्या चलत्चित्रांचा खेळ तिथे झाला. हॉटेल बंद पडल्यावर त्याच्या खोल्यांचे गाळे झाले, नाव एस्प्लनेड मॅन्शन पडले आणि कोर्ट हाकेच्या अंतरावर असल्याने वकिलांनी तिथे कचेऱ्या थाटल्या. वरळीच्या बीडीडी, म्हणजे मुंबई विकास खात्याच्या, चाळी कामगारांसाठी बांधल्या, पण १९३० च्या कायदेभंगाच्या दिवसांत त्यांतल्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग झाला होता.

या तिन्ही ठिकाणी वापर बदलला आणि वास्तू राहिली. शहरे वाढायची ती बहुतांशी अशीच. वाड्याचे धनी गेले, बिऱ्हाडे आली. बिऱ्हाडे वाढली तसे माजघराचे दोन भाग झाले आणि रस्त्याकडच्या ओसरीला फळ्या लागून दुकान निघाले. आज आपण ज्याला पुनर्विकास म्हणतो त्यात नेमके उलटे घडते. विलेपार्ल्यातली तीन मजली सोसायटी पाडून तिथे वीस मजल्यांची सोसायटी होते. कोथरूडमध्ये चाळीस वर्षांपूर्वीची राहती इमारत जाते आणि तिच्या जागी राहतीच इमारत येते. वापर तोच, वस्तीही बव्हंशी तीच, फक्त इमारत नवी. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते: जुनी झाली होती.

हे उत्तर मला अपुरे वाटते. पाठशाळा सुरू झाली तेव्हा विश्रामबागवाडा नवाच होता, हे खरे; पण आज दोनशे वर्षांनंतरही तो उभा आहे, आणि सिमेंट-लोखंडाची इमारत चाळिशीतच टाकाऊ ठरते. हा फरक केवळ चुना, सागवान आणि काँक्रीटचा असता तर प्रश्न अभियंत्यांवर सोपवून मोकळे होता आले असते. माझे म्हणणे असे की आपल्या शहरांत इमारतीचे वय तिच्या भिंती ठरवत नाहीत, ते जमिनीचा भाव आणि चटई क्षेत्राचा, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल याचा, नियम ठरवतात. पाडण्याला आपण घसघशीत मोबदला ठेवला आहे, दुरुस्तीला काहीच ठेवलेले नाही. मग माणसे पाडणेच निवडणार. यात त्यांचा लोभ शोधण्याआधी हा हिशेब कोणी आणि कसा घातला, ते पाहायला हवे.

सुरुवात भाडे नियंत्रणापासून करावी लागते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवले. युद्धानंतरची टंचाई, फाळणीनंतर आलेले निर्वासित, गिरण्यांच्या आशेने येणारा कोकण-घाटावरचा माणूस, या सगळ्यांत भाडेकरूला संरक्षण देणे त्या वेळी आवश्यकच होते. पण तात्पुरता म्हणून आलेला हा उपाय मुदतवाढी घेत अर्धशतक टिकला. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा मिळाली, तीही त्याच जुन्या भाड्यावर. महिन्याला दहा-वीस रुपये भाडे येणाऱ्या खोलीचे छप्पर मालकाने कशातून शाकारायचे? त्याने हात झटकले. भाडेकरूने पागडी, म्हणजे खोली घेतानाची एकरकमी रक्कम, मोजलेली, त्यामुळे खोली आपलीच अशी त्याची भावना. पण जिना, गच्ची, गटार मालकाचे, म्हणून त्यावर खर्च करायला तोही तयार नव्हता. अशा रीतीने इमारतीला दोन दावेदार मिळाले आणि सांभाळणारा एकही उरला नाही.

त्यात सरकार शिरले. बेडेकर समितीच्या शिफारशींनंतर १९६९ मध्ये दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला, जुन्या इमारतींवर उपकर बसला आणि दुरुस्तीची जबाबदारी मंडळाकडे गेली. पुढे हे मंडळ म्हाडात, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणात, विलीन झाले. उपकर बसला तेव्हा शहर भागात अशा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. विचार चांगला होता, पण त्यात एक खोच होती. दुरुस्तीच्या खर्चाला चौरस मीटरमागे कमाल मर्यादा होती. खर्च त्यापलीकडे गेला की वरचा पैसा रहिवाशांनी भरायचा, नाहीतर इमारत दुरुस्तीपलीकडची ठरायची. मर्यादा अधूनमधून वाढत गेली, पण महागाई तिच्या पुढेच धावली. परिणामी लोखंडी टेकू लावणे हीच दुरुस्ती झाली. गिरगावापासून डोंगरीपर्यंत असे टेकू वर्षानुवर्षे उभे राहिले आणि लहान मुलांना ते इमारतीचाच भाग वाटू लागले.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने या कोंडीवर तोडगा काढला तो ३३(७) या कलमात. उपकरप्राप्त इमारत पाडून रहिवाशांना फुकट घर द्यायचे आणि त्याबदल्यात विकासकाने जादा चटई क्षेत्र घेऊन बाजारात विकायचे. सरकारच्या खिशातून पैसा जात नाही, रहिवाशाला भुर्दंड नाही, विकासकाला नफा. पुढे समूह पुनर्विकासासाठी ३३(९) आले आणि चटई क्षेत्र निर्देशांक ४ पर्यंत गेला. वरवर पाहता कोणाचेच नुकसान नाही.

पण या व्यवस्थेत इमारतीची निवड कशी होते ते पाहा. विकासक येतो तो विक्रीचा दर चढा असेल तिथे. धोका कुठे जास्त आहे, हा त्याचा प्रश्नच नसतो, आणि व्यापाऱ्याकडून तशी अपेक्षा करणेही चूक. त्यामुळे समुद्राच्या वाऱ्याची, स्टेशनाजवळची, बऱ्या अवस्थेतली इमारत आधी पडते आणि अरुंद गल्लीतली, दाट वस्तीची, खरोखर कुजलेली इमारत ताटकळत राहते. दुसरा परिणाम याहून वाईट आहे. एकदा पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली की त्या दिवसापासून इमारतीवरचा खर्च थांबतो. पाडायचीच आहे तर गळती कशाला काढा? ही वाट पाहण्याची वर्षे दहा होतात, पंधरा होतात. भेंडीबाजारच्या समूह पुनर्विकासात समाविष्ट असलेली हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ ला कोसळली आणि ३३ जीव गेले. इमारत जुनी होती हे कारण खरे, पण अर्धेच. आज ना उद्या पडणार म्हणून सोडून दिलेल्या अनेक इमारतींपैकी ती एक होती, हे दुसरे अर्धे.

इथे जुन्याचा कैवार घेणाऱ्यांना थांबवून कोणी म्हणेल, आणि म्हणावेच: तुम्ही चाळीत राहून पाहा. हा आक्षेप मी मनापासून मान्य करतो. बीडीडीने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या. एका मजल्यावर मधून जाणारी अंधारी मार्गिका, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची, शौचालय सामाईक. त्या खोलीत कोपऱ्यात मोरी, मोरीच्या कठड्यावर पिंप, वर पोटमाळा, पोटमाळ्यावर शिकणारा मुलगा, खाली म्हातारे आईवडील, भिंतीला लावलेल्या खाटेच्या आडोशाला नवे जोडपे. चाळीवर मराठीत जे गोड लिहिले गेले, त्यात पहाटे चारला नळाशी उभ्या राहणाऱ्या बाईचा आणि रात्री शौचालयाला जाताना सोबत शोधणाऱ्या मुलीचा आवाज फारसा ऐकू येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घराच्या चाव्या मिळाल्या. स्वतःचे न्हाणीघर, स्वतःचे दार, मालकी हक्क. शंभर वर्षे ज्यांना हे मिळाले नाही, त्यांना आता शेजारधर्म हरवल्याची खंत शिकवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

पण याच चाळींचा इतिहास दुसरीही गोष्ट सांगतो. सरकारने त्या बांधल्या तेव्हा कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर लावून पैसा उभा केला आणि कामगार काय देऊ शकतो, कुठे राहू इच्छितो, याचा अंदाज चुकवला. सुरुवातीला यांतल्या कितीतरी खोल्या रिकाम्या राहिल्या. त्या भरल्या त्या माणसांनी त्यांचा वापर आपल्या सोयीने वळवला तेव्हा. गिरणगावातल्या खोल्यांत एकेका गावची माणसे एकत्र राहत. पहिल्या पाळीचा माणूस कामावर निघाला की त्याच्या वळकटीच्या जागी तिसऱ्या पाळीचा येऊन आडवा व्हायचा. धोबीतलावच्या गोवेकरांच्या कुडांत, म्हणजे सामाईक निवासांतही, हाच हिशेब, फक्त तिथे पाळी गिरणीऐवजी बोटीची. एखादी बाई त्याच खोलीत वीस-पंचवीस माणसांची खानावळ चालवायची. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अशाच खानावळवाल्या बायांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. १६० चौरस फूट म्हणजे एकाच वेळी शयनगृह, भटारखाना आणि उत्पन्नाचे साधन. रहिवाशांना या खोलीचा उबग आला तो तिच्या आकाराचा आणि मोरीचा. तिच्यात रोजगार मांडण्याच्या सोयीचा मुळीच नाही.

नव्या घराच्या करारात ही सोय कुठे नोंदलेली असते? ज्या सोसायटीत पुनर्विकासाचा विषय निघाला आहे, तिथल्या विशेष सर्वसाधारण सभेत जरा मागे बसून ऐकावे. भिंतीवर तक्ता लावलेला असतो. विकासक अ पस्तीस टक्के जादा चटई देतो, ब अडतीस देतो. कॉर्पस किती, भाडे किती महिन्यांचे, पार्किंग एक की दोन, स्थलांतराचा खर्च वेगळा की त्यातच. बोलणाऱ्यांचा आवाज चढतो तो 'कार्पेट' या शब्दावर. तळमजल्यावर जोशी आडनावाच्या कोणी बाई पोळीभाजी केंद्र चालवत असतील, पहिल्या मजल्यावर संध्याकाळी चौथी-पाचवीचे वर्ग भरत असतील, मागच्या गॅरेजात पंधरा वर्षे शिलाईची दोन यंत्रे असतील. यांचे पुढे काय, हा मुद्दा विषयपत्रिकेवर नसतो, कारण कागदोपत्री ते अस्तित्वातच नाहीत. ती निवासी सदनिका आहे, एवढीच नोंद. तळमजला नव्या आराखड्यात वाहनांना जातो, त्यावर आणखी दोन-तीन मजले पुन्हा वाहनांचेच. पोळीभाजीला रस्त्यावरचे दार लागते, ते उरत नाही. पुण्याच्या पेठांतही वाडा पडून त्याजागी वर येणाऱ्या इमारतीने हेच केले आहे. रस्त्याशी बोलणारी ओसरी गेली, लोखंडी फाटक आले.

गिरण्यांचे उदाहरण या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाला आहे, आणि ते माझ्या मुद्द्याला थोडे अडचणीचेही आहे. कारण तिथे वापर बदलून वास्तू टिकू शकत होती, तरी तेवढे पुरेसे ठरले नाही. सूत काढण्याची खाती वरच्या मजल्यांवर, धक्क्यांमुळे मागखाती जमिनीलगत. ओतीव लोखंडाच्या खांबांवर उभे मोकळे दालन, वजनदार यंत्रे पेलणारी जमीन, उतरत्या छपराच्या करवती दात्यांतून येणारा उत्तरेचा थंड उजेड. एवढी जुळवून घेणारी इमारत क्वचितच सापडेल. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर, ज्यात सुमारे अडीच लाख कामगार होते, गिरण्या एकामागून एक थंडावल्या. नव्वदच्या दशकापासून काही खात्यांत स्टुडिओ आले, जाहिरात कंपन्या आल्या, बोलिंग अ‍ॅली आली. भिंती वाचल्या. पण त्या भिंतींच्या आत ज्यांचा घाम जिरला, त्यांना तिथे नव्या कामात जागा मिळाली नाही. आणि जिथे वापर नुसता वरवर बदलला, इमारतीत आग-सुरक्षेचे बदल केले नाहीत, तिथे काय होते ते २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या पबमध्ये १४ बळी गेले तेव्हा कळले.

म्हणून नुसती वास्तू टिकली की पुण्य लागले, असे मी म्हणत नाही. १९९१ च्या नियमावलीत गिरणीच्या जमिनीची वाटणी सुचवली होती: एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती ठेवली. बांधकामाखालची जमीन, म्हणजे गिरणीचा बहुतांश भाग, वाटणीतून सुटला. प्रकरण न्यायालयात गेले आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली. कामगारांसाठी म्हाडाने २२५ चौरस फुटांची घरे बांधली. अर्ज करणारे दीड लाखांहून अधिक होते. नियमातल्या एका शब्दाच्या व्याख्येने काही शे एकर जमिनीचे भवितव्य ठरवले. कुठली इमारत राहील, कुठली जाईल आणि बदललेल्या वापरात कोणाला वाटा मिळेल, हे सगळे माणसांनीच लिहिलेल्या नियमांवर ठरते. ते काळाच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

आता पुढचे पाहू, कारण खरा पेच तिथे आहे. पुनर्विकासाचे हे गणित एकदाच चालते. तीन मजल्यांच्या जागी तेवीस मजले बांधता येतात म्हणून वरच्या मजल्यांच्या विक्रीतून खालच्यांना फुकट घर मिळते. पन्नास वर्षांनी हे तेवीस मजले थकतील, तेव्हा त्यांच्या जागी किती मजले बांधून खर्च काढणार? बीडीडीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या चाळीस मजली इमारतींना वर जाण्याची सोय कुठवर आहे? रस्ता तेवढाच, पाणी तेवढेच. शेकडो मालक, प्रत्येकाची ऐपत वेगळी, उद्वाहन आणि पंप जुने झालेले. त्या दिवशी विकासक दार वाजवणार नाही. दुरुस्ती हाच एक मार्ग असेल, आणि दुरुस्ती करण्याची सवय, तिचा पैसा, तिचे कारागीर, यांतले काहीच आपण जपलेले नसेल.

त्यात बांधकामाच्या नव्या तऱ्हेची भर. वेळ वाचावा म्हणून उंच इमारतींत आता सर्रास अ‍ॅल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्रच ओततात. कामावर त्याला 'मायवन' म्हणतात. काम भराभर उरकते, प्लास्टर वाचते, भिंत सरळ येते. पण यात घरातल्या बहुतेक भिंतीच भार वाहतात आणि विजेच्या नळ्याही आतच ओतलेल्या असतात. जुन्या इमारतीत खांब-तुळयांमधली विटेची भिंत काढून दोन खोल्यांची एक करता यायची, दुकानाला दार पाडता यायचे. या भिंतीला हात लावता येत नाही. आज दोन बेडरूमचे घर म्हणून जे ओतले, ते पन्नास वर्षांनी वृद्धनिवास, दवाखाना किंवा कार्यशाळा होऊ शकणार नाही. गिरणीच्या दालनात तीन वेगळे उद्योग नांदले. या टॉवरला पहिला वापर संपला की दुसरा सापडणे कठीण.

मग करायचे काय? उपाय फार अद्भुत नाहीत. पहिला, पुनर्विकासाचा ठराव सभेपुढे येण्याआधी दुरुस्तीचा पर्याय खर्चासह मांडणे बंधनकारक असावे आणि संरचनात्मक तपासणी करणारा अभियंता भावी विकासकाने सुचवलेला नसावा. इमारत सी-१, म्हणजे ताबडतोब पाडण्याजोगी, ठरली की चर्चाच संपते. म्हणून तो शिक्का मारणाऱ्याचा हितसंबंध तपासलाच पाहिजे. दुसरा, पैसा. वारसा वास्तू जपणाऱ्या मालकाला हस्तांतरणीय विकास हक्क देण्याची तरतूद मुंबईच्या नियमांत आहेच. तिचे छोटे रूप साध्या, पण धडधाकट इमारतीलाही का मिळू नये? इमारत पन्नास वर्षे नीट ठेवणाऱ्या सोसायटीला मालमत्ता करात सवलत आणि मोठ्या दुरुस्तीसाठी स्वस्त कर्ज मिळाले, तर सभेतल्या तक्त्यावर एक वेगळा रकाना दिसू लागेल. सोसायट्यांच्या उपविधींत सिंकिंग फंड आहे तो बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के. चाळीस वर्षांत तो १० टक्के होतो, व्याज वेगळे, आणि खर्च धरायचा तो इमारत बांधली तेव्हाचा. एवढ्यावर चाळीस मजले टिकणार नाहीत. ही रक्कम चालू बांधकाम खर्चाशी जोडायला हवी, पहिल्याच वर्षापासून.

तिसरा उपाय वापराची मोजणी. पात्रतेच्या यादीत नावे आणि चौरस फूट असतात, तिथेच खानावळ, पाळणाघर, शिलाईची यंत्रे, शिकवणी यांचीही नोंद व्हावी आणि नव्या तळमजल्याचा काही भाग रस्त्याकडे तोंड करून त्यांच्यासाठी राखला जावा. चौथा, नव्या इमारतीच्या निदान खालच्या काही मजल्यांत खांब-तुळयांची मोकळी रचना असावी, म्हणजे पुढच्या पिढीला तिथे आपल्या गरजेने भिंती घालता-काढता येतील. याने खर्च थोडा वाढेल, हे कबूल करून टाकावे. दर पन्नास वर्षांनी सगळे पाडून, राडारोडा खाडीकाठी ओतून, पुन्हा सिमेंट-लोखंड विकत घेण्याचा खर्च आपण आज कुठेच मांडत नाही, म्हणून तो नाही असे होत नाही.

पडण्याच्या बेतातली घरे पाडायलाच हवीत, आणि चाळकऱ्याला प्रशस्त घर मिळायलाच हवे. माझा वाद त्या निर्णयांशी नाही. पाडणे हा एकच फायद्याचा व्यवहार ठेवून उरलेल्या सगळ्या वाटा नियमांनी बंद केल्या, त्या व्यवस्थेशी आहे. पुढची पिढी आजच्या टॉवरांची मालक होईल तेव्हा तिच्या हाती विकायला जादा चटई क्षेत्र नसेल. तिला दुरुस्तीचा निधी, बदलता येईल असा आराखडा आणि दुरुस्तीला पाठबळ देणारा कायदा लागेल, आणि या तिन्हींची तजवीज तिला नव्हे, आज पुनर्विकासाच्या करारावर सही करणाऱ्या आपल्यालाच करावी लागेल.